जास्तीची माती

आमच्या घराची मधली तुळई आतून पोकळ झाली आहे, हे मला घर पडण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. मी ते कोणालाही सांगितले नाही. उलट, थोरल्या भावाने विचारले तेव्हा तुळई चांगली आहे असे सांगितले. आणि पुढे घर पडल्यावर त्याचा दोष त्याने आपल्या अंगावर घेतला, तेव्हाही मी गप्प राहिलो. ही एवढी वाक्ये लिहायला मला अर्धे आयुष्य लागले. माझ्या ओळखीची माणसे मला वक्तशीर म्हणतात, कामाचा माणूस म्हणतात. हे वाचून त्यांना काय वाटेल याची आज मला भीती वाटते आहे. पण भीती मला नवी नाही. माझ्या वक्तशीरपणाच्या मुळाशी तीच आहे.

वैशाख आला की ही भीती अंग झाडून उठते. शहरात आम्ही राहतो त्या इमारतीच्या गच्चीवर गेल्या आठवड्यात पाणी न गळण्यासाठी लेप द्यायचे काम चालले होते. सोसायटीचा सचिव या नात्याने मी उभा राहून ते करून घेतले. शेजारच्या काकू लोणच्याच्या फोडी वाळत घालायला वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही होता म्हणून पावसाच्या आत झालं. नाहीतर आमच्या इमारतीत काम निघतं ते गळायला लागल्यावर." मग त्यांनी विचारले, "तुम्हाला कधी आळस येतच नाही का हो?"

मी हसलो. त्याच वेळी एका कामगाराने तापलेल्या गच्चीवर पाणी शिंपडले आणि धुळीचा ओला वास वर आला. माझे हसू चेहऱ्यावर तसेच राहिले आणि मी मात्र तेथे नव्हतो.

मी फुलंब्रीच्या पलीकडल्या आमच्या खेड्यात होतो, माळवदावर.

माळवद आता फार थोड्या घरांवर उरले आहे, म्हणून सांगतो. सागवानी खांब, खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर बारीक लाकडे, त्यांवर कडुलिंबाचा पाला आणि पाल्यावर हातभर मातीचा थर. असे ते सपाट छप्पर. उन्हाळ्यात त्याच्याखाली इतके गार वाटे, की दुपारी बाहेरून आत पाऊल टाकताना कोणी डोळ्यांवर ओला हात ठेवल्यासारखे होई. हिवाळ्यात तेच घर उबदार असे. मात्र त्या छताची एक सवय होती. ते झरत असे. लाकडांच्या फटींतून मातीचा एखादा कण सुटे आणि जेवताना ताटात पडे. आम्ही तो बोटाने बाजूला सारून पुढचा घास घेत असू. आज सिमेंटच्या स्लॅबखाली राहतो, तरी ताटावर बसलो की माझा एक कान वर असतो.

दर वैशाखात माळवदावर नवी माती चढत असे. गावाच्या कडेच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या पांढऱ्या मातीच्या टेकाडातून, बैलगाडीने माती यायची, चाळली जायची, आणि गल्लीतली माणसे आळीपाळीने एकमेकांच्या घरावर चढायची. शिडीवर एकाखाली एक अशी माणसे उभी राहत आणि टोपली हातोहात वर जाई. वर माती पसरायची, पाणी शिंपायचे, आणि मग लाकडी धुमसाने ती ठोकून ठोकून घट्ट करायची. आमच्या गल्लीत धुमस मारावा तर दादाने. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आईवडील लवकर गेल्यामुळे त्यानेच मला वाढवले, शिकवले. तो उंच नव्हता, पण धुमस उचलला की उंच वाटे. त्याच्या ठोक्यांना एक संथ लय असे. खाली घरात बसलेल्याला वाटे की घराचेच हृदय चालले आहे. ज्याच्या माळवदावर दादाचा हात फिरला, त्याच्या ताटात पावसाळाभर माती पडायची नाही, असा त्याचा लौकिक होता. वैशाखात त्याला बोलावणी येत. तो मोबदला घेत नसे; वर चढताना त्याच्या चेहऱ्यावर जो मान दिसे, तोच त्याचा मोबदला असावा.

ज्या वैशाखाविषयी मी लिहितो आहे, तेव्हा मी तिशीच्या आत होतो. औरंगाबादेत उस्मानपुऱ्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि एका बांधकामाच्या कचेरीत नकाशे काढत होतो. कोणत्या तुळईवर किती भार येईल हे कागदावर मांडणे हेच माझे काम. घरच्यांना त्याचा कोण अभिमान.

दोन दिवसांची रजा काढून मी गावी गेलो होतो. शिडीच्या तळाशी मला उभे पाहून समोरच्या घरातला एकनाथ म्हणाला, "सायेब, तुम्ही सावलीला बसा. टोपली उचलताना पेनाला घाम येईल तुमच्या."

"त्यांना नका हसू," आतून वहिनी म्हणाल्या. त्या गर्दीसाठी भाकऱ्या थापत होत्या. "भावजी टोपली उचलत नसतेत. टोपलीचा नकाशा काढतेत."

सगळे हसले. मीही हसलो. उन्हात किसलेल्या कैरीच्या तक्कूचा आंबट वास, भाकरीचा खरपूस वास आणि ओल्या पांढऱ्या मातीचा वास एकात एक मिसळले होते. आजही यांतला एक वास आला तरी बाकीचे दोन मागोमाग येतात, आणि त्यांच्या मागून ती दुपार.

त्या दुपारी मधल्या घरातल्या दिव्याची वायर सुटली होती. ती लावायला मी स्टुलावर चढलो. खिळा कोठे ठोकावा म्हणून हातातला पेचकस तुळईवर सहज टेकवला, आणि तो आत गेला. मी जोर दिला नव्हता. मुठीपर्यंत गेला. काढला तेव्हा मनगटावर तपकिरी भुसा सांडला, आणि त्या भोकातून फार बारीक, कोरड्या पानांवर कोणी श्वास टाकावा तसा आवाज आला. वाळवीचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. पण ऐकताच ओळखला.

त्या तुळईवर वर्षानुवर्षांची माती होती. खरी रीत अशी, की काही वर्षांनी माळवद उकलायचे. सगळी माती खाली उतरवायची, कुजलेले लाकूड बदलायचे, तुळया तपासायच्या आणि मग हलकी नवी माती चढवायची. पण उकललेले घर म्हणजे आठवडाभर उघड्यावरचा संसार, सुताराच्या मिनतवाऱ्या, गुरांचे हाल. म्हणून बहुतेक घरे ते काम पुढल्या वर्षावर ढकलत आणि यंदापुरती जुन्या मातीवरच नवी माती टाकत. आम्हीही तेच करत आलो होतो. वरून माळवद नवे, गुळगुळीत दिसे. आतले ओझे दर वर्षी वाढत जाई.

चालढकल म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. ते खरे नाही. चालढकल पुष्कळदा घाम गाळत येते. मातीच्या टोपल्या उचलत, शिडी चढत, धुमस मारत येते. संध्याकाळी अंग दुखते आणि काम केल्याचे समाधानही मिळते. फक्त जे काम करायचे होते ते तेवढे होत नाही. त्यावर आणखी एक थर चढतो, इतकेच.

मी स्टुलावर उभा होतो. खरे सांगायचे तर सगळे थांबवावे लागणार होते. दादा म्हणाला असता, "मंग आजच उकलू. तू रजा वाढव." मला रजा वाढवायची नव्हती. धुळीत आठ दिवस काढायचे नव्हते. मी मनाशी ठरवले, की दिवाळीनंतर निवांत येऊ, चांगला सुतार घेऊन येऊ, नवी तुळई घालू. ते ठरवताना मला इतके मोकळे वाटले, जणू काम झालेच. मग मी खाली उतरलो, ओल्या मातीचा एक गोळा घेतला, पुन्हा स्टुलावर चढून भोक बुजवले आणि वरून चुन्याचे बोट फिरवले. सांगायला जेवढा वेळ लागला असता, त्याहून कमी वेळात लपवून झाले.

इतक्यात उजेडासाठी छतात ठेवलेल्या झरोक्यातून दादाचे तोंड दिसले. त्याच्या मागे पांढरे आभाळ होते, म्हणून चेहरा काळा दिसत होता.

"बाळू, तुळई बघितली का रं?"

"बघितली."

"कशी हाये?"

"चांगली आहे दादा. ठणठणीत."

"मंग मधी जरा खळगा पडलाय, तिथं अजून चार टोपल्या चढवू का? पाणी साचायचं नाय. तू म्हणशील तसं."

मी मान वर केली. डोळ्यांत माती पडली. डोळे चोळत मी म्हणालो, "चढवा."

थोड्याच वेळात डोक्यावर त्याचा धुमस पडू लागला. प्रत्येक ठोक्याला मी स्टुलावरूनच त्या लिंपलेल्या जागेकडे पाहत होतो. वहिनी भाकरीचे टोपले घेऊन आत आल्या. म्हणाल्या, "असे काय उभे राहिलेत? खाली या, जेवा." मी जेवलो. ताटात मातीचा कण पडला. तो मी बोटाने बाजूला सारला नाही. घासाबरोबर गिळून टाकला.

त्यानंतरच्या दिवसांइतका मी कधीच कामात नव्हतो. कचेरीतले सहकाऱ्यांचे नकाशे काढून दिले. खोली रंगवली. सायकलचा भाग न् भाग उघडून तेलपाणी केले. मोठे काम टाळणाऱ्याला लहान कामे फार प्रिय होतात. ती केल्याने आपण आळशी नाही याची रोज नवी खात्री पटते. गावी सांगायचे होते ते पहिल्या दिवशी एक वाक्य होते: तुळई पोकळ आहे. महिन्याने त्या वाक्याला दुसरे जोडावे लागणार होते: हे मला आधीच माहीत होते. श्रावणात तिसरे: आणि मी खोटे बोललो. न बोललेले वाक्य जागच्या जागी राहत नाही, त्यावरही माती चढत जाते.

भाद्रपदात झड लागली. आमच्याकडे पाऊस येतो तो बहुधा येतो आणि जातो. पण झड ही वेगळी गोष्ट आहे. ती कोसळत नाही. ती बारीक, एकसारखी, आवाज न करता दिवसचे दिवस लागून राहते. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या खिडकीच्या गजांवरून थेंब ओघळत राहिले, भिंतींना ओल आली, आगपेटी पेटेना. मी कागदावर रेघा मारायचो आणि मनात हिशेब चाललेला असायचा. कोरडी माती किती जड, भिजलेली किती जड. तो हिशेब मला कचेरीत सगळ्यांत चांगला येत असे. रेघ वाकडी जायची. साहेबांनी विचारले, बरे नाही का. मी म्हणालो, हवा बदलली आहे.

रोज सकाळी ठरवायचो, आज जायचे. एकदा तर बसस्थानकापर्यंत गेलो. आमच्या गावावरून जाणारी सिल्लोडची गाडी उभी होती. ओल्या घोंगड्यांचा, डिझेलचा वास येत होता. वाहकाने विचारले, "येताय का?" मी म्हणालो, "पुढच्या गाडीनं." ती गेली. पुढची आली, तीही गेली. जाऊन काय सांगायचे, हा प्रश्न होता. घरातून बाहेर निघा म्हणावे, तर दादा विचारणार, तूच म्हणाला होतास ना ठणठणीत आहे? छप्पर पडण्याची भीती होतीच. पण आपण उघडे पडण्याची भीती तिच्याहून जवळ उभी होती. मी छत्री उघडून खोलीवर परत आलो.

शेवटी फोन केला. गावात तेव्हा एका किराणा दुकानात फोन होता. दुकानदाराने पोर पाठवून घरी निरोप दिला. बऱ्याच वेळाने पलीकडून धापा टाकण्याचा आवाज आला.

"भावजी, तुम्ही व्हय? मला वाटलं कोणाचं काय झालं."

"काही नाही वहिनी, सहजच. पाऊस कसा आहे?"

"पाऊस काय, थांबायचं नाव नाय. मधल्या घरात लई झरायलंय. पाणी बी पडतंय अन् माती बी. खाली पातेलं ठेवलंय. तुमचे दादा म्हणतेत, मीठ-मिरची टाक, कालवण व्हईल." त्या हसल्या. ओल्या तारेतून त्यांचे हसू फार लांबून आले.

"वहिनी."

"काय?"

"मधल्या घरात..."

"हां, बोला की."

दुकानात कोणीतरी गुळाची ढेप फोडत होते. तो ठोका मला स्पष्ट ऐकू येत होता.

"काही नाही," मी म्हणालो. "शनिवारी येतो म्हणून सांगा दादांना."

घर शुक्रवारी दुपारी पडले. दादाची मुले शाळेत होती, दादा स्वतः गोठ्यात होता. पातेले भरले म्हणून वहिनी ते रिकामे करायला मधल्या घरात गेल्या, आणि तुळई मोडली.

निरोप मिळून मी पोचलो तेव्हा त्यांना शहरातल्या दवाखान्यात हलवले होते. दादाने दोन्ही हातांनी माती उपसून त्यांना बाहेर काढले होते. त्यांचा जीव वाचला. उजवा पाय मांडीत चिरडला होता. घराच्या जागी ढिगारा होता. पांढरी माती, त्यात मिसळलेला काळा पडलेला लिंबपाला, एक उलटे पातेले. ढिगाऱ्यावर दादा बसला होता. त्याच्या नखांत माती आणि रक्त होते. गल्ली भोवती उभी होती.

"मीच जास्त चढवली," तो म्हणत होता. "बाळूनं तुळई बघितली व्हती. तुळई चांगली व्हती. माझाच हात सुटला. मीच जास्त चढवली."

एकनाथ दुखऱ्या आवाजात म्हणाला, "चार टोपल्या कमी टाकल्या असत्या दादा, तर..."

मी ते ऐकले. तोंड उघडले. आणि त्याच क्षणी ढिगाऱ्यात अर्धवट गाडलेले, मोडलेल्या तुळईचे टोक मला दिसले. मी बुजवलेला मातीचा गोळा त्यावर तसाच होता, चुन्याच्या बोटासह. घर पडले होते आणि माझे लिंपण टिकले होते. त्या दिवशी मी एकच काम अजिबात न लांबवता केले. अंधार पडायच्या आत कुऱ्हाड घेऊन त्या तुळईचे तुकडे केले. गल्ली म्हणाली, धाकटा किती राबतो आहे. ती लाकडे पुढे महिनाभर आंघोळीच्या पाण्याखाली जळली.

त्यानंतर दादाने नवे घर पत्र्याचे बांधले. ते उन्हाळ्यात तापे. वहिनी पाय ओढत चालू लागल्या. चुलीपासून ओसरीपर्यंत येताना त्या भिंतीला हात लावत, आणि त्या भिंतीवर त्यांच्या हाताच्या उंचीवर एक मळका पट्टा उमटला होता. दर दिवाळीत मी गेलो की आधी तो पट्टा पाहत असे. त्या मला म्हणत, "भावजी, वाळून गेलात. शहरात कोणी खाऊ घालत नाय का?" आणि उठून वाढायला लागत. तो उठण्याचा आवाज, ती एक फरपट, मला सहन होत नसे.

दादाला त्या वर्षानंतर कोणीही धुमस मारायला बोलावले नाही. वैशाख येई, माती येई, शिड्या लागत. दादा आपल्या ओट्यावर बसून राही. गावाने त्याला नवे नाव दिले होते: चार टोपल्या. त्यात द्वेष नव्हता. गाव हसतच नावे ठेवते. "चार टोपल्या आले, जागा द्या." "दादा, चहात साखर टाकताना जपून." दादाही हसायचा. पण त्या दिवसापासून त्याने स्वतःच्या मनाने एकही गोष्ट ठरवली नाही. विहिरीचा पंप, मुलीचे लग्न, बैल विकणे, सगळ्यासाठी मला विचारी. "तू म्हणशील तसं, बाळू. माझ्या अंदाजाचं काय खरं नाय." त्याचा विश्वास हा माझ्यावरचा सगळ्यांत जड थर होता.

मी बदललो. ते मात्र खरे. दुसरी सकाळ मी कोणत्याच कामाला देत नाही. सकाळी उठल्यावर ज्या कामाची आठवण नकोशी होते, तेच आधी हातात घेतो. बाकीची कामे मग आपोआप हलकी होतात. काम फार मोठे दिसले तर त्याची एकच कड धरून उचलतो. आणि दिवसाच्या शेवटी फार दमलो असेन तर स्वतःला विचारतो: आज उकलले, की नुसती माती टाकली? कचेरीतल्या तरुण मुलांना मी हे सांगतो. त्यांना त्याचा उपयोगही होतो म्हणे. ही शिस्त कोठून आली, हे कोणी विचारले तर मी वडीलधाऱ्यांचे संस्कार असे सांगतो. खरे तर मला थेंब ऐकू येत असतात.

आणि या सगळ्या शिस्तीतून एक काम मी दर वर्षी वगळत आलो. ठरवून जायचो. ओट्यावर बसलो की दुसऱ्याच गोष्टी निघत. वहिनींच्या शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. बाहेर ऊन होते, पत्रा तडतडत होता. त्या म्हणाल्या, "भावजी, ते जुनं घर लई गार व्हतं बघा." मी म्हणालो, "हो वहिनी." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि वाट पाहिल्यासारखे पाहिले, असे मला आजही वाटते, कदाचित मला तसे वाटायला हवे आहे. मी मनात म्हटले, आज त्यांना त्रास नको, पुढल्या खेपेला सांगू. पुढल्या खेपेला मी त्यांच्या दहाव्याला गेलो.

यंदा गच्चीचे काम झाले त्याच संध्याकाळी दादाच्या सुनेला फोन केला. दादाला दे म्हणालो. ती म्हणाली, "मामंजींना आता फोनवर काहीच ऐकू येत नाय, काका. समोर बसून बोललं तरी वरडावं लागतं. डॉक्टर म्हणतेत, वाढतच जाईल."

मी फोन ठेवला. एक दिवस असा येणार होता, की मी बोलेन आणि ते पोचणारच नाही. समोर माणूस असेल आणि सांगायची वेळ निघून गेलेली असेल. दुसऱ्या सकाळी पहिली गाडी धरली. चौक्याचा घाट उतरताना मनात तेच जुने आवाज होते: पुढच्या गाडीनं, शनिवारी, दिवाळीनंतर. मी खिडकीचा गज घट्ट धरून बसलो.

गावात पोचलो तर आमच्या गल्लीत शिडी लागलेली. गल्लीत माळवद आता एकट्या एकनाथाचे उरले आहे, आणि त्यावर माती चढत होती. वर पोरे धुमस मारत होती, खाली बायामाणसे उभी होती. दादा आपल्या ओट्यावर बाजेवर बसून वर पाहत होता. त्याचा उजवा हात मांडीवर ठोक्याबरोबर किंचित उठत होता, पडत होता.

"तिरपा पडतोय," मला पाहून तो म्हणाला. "धुमस तिरपा पडतोय पोरांचा. पण मी कोण सांगणार." आणि हसला. "कव्हा आलास? चहा घे."

मी त्याच्या शेजारी बसलो. आयुष्यभर हळू बोलण्याची मला सवय. मी खाली पाहून, त्याच्या कानाजवळ, हळू आवाजात सांगायला सुरुवात केली.

"काय म्हणतो?" त्याने कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल. ह्या कानाचं आता काय खरं नाय."

वरून एकनाथाने पाहिले. "सायेब आले का? या वर. दादाला बी आणा, म्हणजे चार टोपल्या..." गल्ली हसली. दादाही हसला. काय बोलले ते त्याला ऐकू आले नसावे. गल्ली हसते तेव्हा आपणही हसायचे असते, एवढे त्याला ठाऊक होते.

मला पळून जावेसे वाटले. वेळेवर बोललो असतो तर एका माणसाच्या कानात सांगून भागले असते. इतकी वर्षे लांबवल्यामुळे आता ते गल्लीभर ओरडून सांगावे लागणार होते. मी बाजेवरून उठलो, दादाच्या समोर उभा राहिलो, त्याचे दोन्ही हात धरले. ते हात खरखरीत होते, आणि गार होते. मग मी ओरडलो. माझा तसा आवाज मी स्वतः कधी ऐकला नव्हता.

"दादा, तुमची माती जास्त नव्हती. तुळई पोकळ होती. वाळवीनं खाल्ली होती."

वरचा धुमस थांबला. शिडीवरची टोपली अर्ध्यावर थांबली. दादाने आपले हात सोडवून घेतले नाहीत. त्याचे डोळे माझ्या ओठांवर होते.

"मला माहीत होतं. मी हातानं भोक बुजवलं आणि तुम्हाला ठणठणीत सांगितलं. चार टोपल्या चढवा, हे मीच म्हणालो. वहिनींचा पाय माझ्यामुळं गेला, तुमचा धुमस माझ्यामुळं सुटला. माझं चुकलं, दादा. मला माफ करा."